मी पोराला खाली बस म्हणले

त्या दिवशी डेरीत आम्ही पाच जण व्हतो. मी. माझा पोरगा, फ्रिज-एसीचा मिस्तरी. त्याची पोरगी म्हणजे माझी नात, तीबी त्याच कामात. डेरीचे शेठ. आन् भाभी, जी माझ्यासंगं चक्का बांधायला बसती. काउंटरच्या पल्याड गिऱ्हाईक व्हतं, ते धरत नाय, त्यांला काय कळलंच नाय. पोराचा बाप नव्हता. त्याला जाऊन लई वर्षं झाली. पण त्या दिवशी जे झालं ते त्याच्या शिकवणीनं झालं, म्हणून त्याचंबी सांगावं लागतंय.

मी दुसरीपर्यंत शाळेत गेले. हे मी बोलते आन् नात लिहिती. मधीच ती म्हणती, आजी, एवढं कशाला सांगती. मी म्हणते, लिही.

आम्ही वैजापूरकडचे. लगीन झाल्यावर पोराच्या बापाला शहरात बर्फाच्या कारखान्यात काम लागलं, तवा इकडं आलो. मलाबी तिथंच लावलं. लाद्या निघाल्या की त्याच्यावर भुसा टाकायचा आन् तरटात गुंडाळायच्या. हात बधिर व्हायचे. रातच्याला भाकरी थापताना कळायचं नाय तवा तापलाय का नाय. पोरगा चार-पाच वर्षांचा व्हता, त्याला घरी कुणापाशी ठिवायचं, मग तरटाच्या ढिगावर बसवायचो.

त्या कारखान्यात गॅस व्हता अमोनियाचा. त्याचा वास ज्यानं घेतला तो मरेस्तोवर विसरत नाय. जरा कुठं पाइप गळला की डोळ्यांतून पाणी, नाकात सुया. म्हणून तो गॅस मला वाईट वाटत नाय. तो आधी वरडून सांगायचा, मी सुटलोय, पळा.

एक दिवस मोठा पाइप फुटला. धुकं पडावं तसं झालं. मी पोराला उचलून दाराकडं निघाले तर दम कोंडला, डोळे उघडंनात. तवा पोराचा बाप कुठून तरी वरडला, "खाली बस! तोंड जमिनीला लाव! पदर वला कर!" खाली पाण्याचं थारोळं व्हतंच. पदर भिजवला, निम्मा माझ्या तोंडावर, निम्मा पोराच्या. रांगत रांगत निघालो. तो गॅस हलका, वर वर जातो, जमिनीपाशी जरा हवा राहती. त्याच्यावर आम्ही दोघं वाचलो. एक डोळा तवापासून गळतो माझा, पण वाचलो.

त्याच्यानंतर पोराच्या बापाला नादच लागला. जेवायला बसलं की पोराला विचारायचा,

"गॅस सुटला तर?"

पोरगा घास तोंडात ठिवून म्हणायचा, "वलं फडकं."

"मग?"

"खाली बसायचं."

"आन् मग?"

"रांगत भाइर."

"शाबास, खा आता."

दुसऱ्याची पोरं पाढे म्हणायची, आमच्या घरात हे व्हतं. पोरगा मोठा झाला, मिशी आली, तरी बाप मधीच विचारायचा आन् हा हसत हसत सांगायचा. बाप गेला त्या दिवशीबी मला तेच आठवलं.

पोरगा फ्रिजचं काम शिकला. कारखान्यात नाय गेला, बरं झालं. ह्याच्या कामातला गॅस येगळा. आधी बारा नंबर म्हणायचे, मग बावीस नंबर आला. त्याला वास नाय, रंग नाय, डोळ्याला झोंबत नाय. मी एकदा त्याच्या दुकानात गेलते, त्यानं माझ्या म्होरंच एका जुन्या एसीचा नट ढिला केला आन् सूं करून सगळा गॅस सोडून दिला. मी पदर तोंडाला लावून खालीच बसले. पोरगा हसून हसून बेजार.

"माय, हा अमोनिया नाय. हा लई गरीब हाय."

उन्हाळ्यात तर तो टाकी उलटी धरून पाण्याच्या बाटलीवर गॅस सोडायचा. बाटलीवर बर्फ धरायचा. क्रांती चौकातले सगळे मिस्तरी तसंच करायचे, ते काय ह्याच्या एकट्याचं नव्हतं. मीबी प्यायलेय तसलं पाणी. गार लागायचं. जाळीवरची धूळ उडवायलाबी तोच गॅस मारायचा. कुणाला काय वाटायचंच नाय.

मग नात आयटीआयला गेली. बापाचीच लाईन घेतली. वर्गात पोरीच्या जातीत ही आन् अजून एक. पहिल्याच वर्षी घरी येऊन बापाशी भांडली.

"पप्पा, गॅस हवेत सोडायचा नसतो."

"मग काय खिशात ठिवू?"

"टाकीत भरायचा. मशीन असतंय त्याला. इकडून वढून घेतंय आन् रिकाम्या टाकीत भरतंय."

मी विचारलं, "सुटला तर काय व्हतं गं? वास तर येत नाय."

तिनं मला समजून सांगितलं. हा गॅस हवेपरीस जड, सुटला की आधी खाली बसतो. आभाळात लई वर एक थर हाय, ओझोनचा. सूर्याचं जे कडक ऊन असतंय, आपल्या डोळ्याला, कातडीला खाणारं, ते तो थर आडवतो. हा गॅस वर गेला की उन्हानं फुटतो आन् त्या थराला खातो. बारा नंबर लई खायचा, बावीस जरा कमी, पण खातो. म्हणून बारा बंद केला, बावीसबी बंद व्हत चाललाय. जगात सगळ्यांनी सोडायचं कमी केलं तर थर हळूहळू भरून येतोय म्हणली.

मी म्हणलं, "मघाशी तर म्हणलीस गॅस जड हाय, खाली बसतो. मग वर कसा गेला?"

"आधी खाली बसतो आजी. मग वारा त्याला हलवतो, पसरवतो. धूळ कशी उडती? हा तर सडत नाय, विरत नाय, वर्षांनुवर्षं फिरत राहतो. फिरत फिरत जातो वर."

पोरगा चहा फुंकत म्हणला, "माझ्या एका सूंनी थर फाटतोय व्हय गं?"

"तुमच्या एकट्याच्या नाय. चौकात किती मिस्तरी हायत?"

तो चहा संपवून उठून गेला. पण नंतर कुठून तरी जुनं मशीन घेऊन आला. पोरीच्या हट्टापायी. चौकातल्या मिस्तऱ्यांनी त्याचीच चेष्टा केली, म्हणले ह्याच्या घरी गॅस पकडणारी पोलीसबाई जन्माला आली. मशीनला यळ लागायचा. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं. मग नात संगं असली की मशीन लागायचं, नसली की सूं. मला हे माहीत व्हतं. मी कधी बोलले नाय. जड हाय, खाली बसतो, हे मी माझ्या कानानं ऐकलं व्हतं. पण ते आभाळाचं बोलणं म्हणून ऐकलं. जमिनीवर त्याचा काय अर्थ हाय, हे डोक्यात शिरलंच नाय.

आता त्या दिवसाचं. पाडव्याचा आदला दिवस व्हता. पाडव्याला डेरीत श्रीखंडाला पाय ठिवायला जागा नसती. चार दिवस आधी मला आन् भाभीला बोलवतात. दही फडक्यात बांधायचं, टांगायचं, पाणी गळालं की चक्का काढायचा. माझी गाठ अजून कुणाला जमत नाय. लांब लांब पांढरी फडकी असतात, वली.

दुपारी शेठ घामाघूम होऊन आले. मागच्या थंड खोलीत डबे लावून ठिवले व्हते, सगळं श्रीखंड, आन् खोली गार व्हईना. शेठनी पोराला फोन लावला. तो आन् नात आले.

त्या खोलीची मोटर खाली तळघरात. सात पायऱ्या उतरायच्या, दोन खाटा बसतील एवढी जागा, ना खिडकी ना झरोका. पोरानं साबणाचा फेस लावून बघितलं, एका जोडापाशी बुडबुडे आले. म्हणला, पाइप गळतोय, आधी उरलेला गॅस काढायचा, मग जोड द्यायचा, मग भरायचा. नात मशीनच्या नळ्या सोडवायला लागली.

शेठ वरून म्हणले, "किती टाइम लागंल मिस्तरी?"

नात म्हणली, "मशीन लावल्यावर जास्तीचा अर्धा-पाऊण तास."

"अहो ताई, डबे घामेजलेत! उद्या लोकांला काय ताक पाजू? तुमच्या आभाळाचं बघा नंतर, माझं श्रीखंड बघा आधी."

पोरगा म्हणला, "शेठ, व्हतंय, घाई नका करू."

"घाई नका करू? हां, आंबलं की तुम्हीच खावा मग पाडवाभर."

भाभी हळूच मला म्हणली, "अम्मा, सेठ का तो दहीच फट गया." आम्ही दोघी पदराआड हसलो. ते हसू मला अजून टोचतंय.

पोरानं नातीला सांगितलं, गाडीच्या डिकीतून तांब्याचा पाइप आण. ती गेली. ती गेल्याबरोबर मला खालून सूं ऐकू आलं. मोठं. लांब. मला कळलं त्यानं मशीन लावलं नाय. मी मनात म्हणलं, आज तेवढं जाऊ दे, सणाचं काम हाय.

थोड्या यळानं मी पाण्याची बाटली द्यायला जिन्यापाशी गेले. पोरगा मोटरीपाशी वाकलेला उठून पायऱ्यांपाशी आलता, भिताडाला हात टेकून उभा व्हता. एक पाय पहिल्या पायरीवर. माझ्याकडं बघून म्हणला,

"माय, कसंतरीच व्हायलंय. लई सुटला वाटतं."

त्याचा आवाज जड झालता, दारू प्यायल्यासारखा. तो दारू पीत नाय.

माझ्या डोक्यात काय आलं नाय. तोंडात आलं. जे इतक्या वर्षांपूर्वी बापाच्या तोंडून आलतं तेच. मी वरडले, "खाली बस! तोंड जमिनीला लाव! फडकं वलं कर!"

त्यानं ऐकलं. एवढा बाप्या माणूस, केस पिकायला लागलेले, पण ल्हानपणीसारखं ऐकलं. पायरीवरचा पाय खाली घेतला. गळ्यातला रुमाल साबणाच्या बादलीत बुडवला, तोंडाला लावला आन् वाकून, गुडघे टेकून, फरशीला तोंड लावून बसला. मी वरून म्हणते, "आता रांग! रांगत ये!" तो रांगंना. हात एकदा हलला. मग नाय हलला.

मला वाटलं वास तर येत नाय, मग ह्याला झालं काय.

नात आली पाइप घेऊन. खाली बघितलं आन् तिच्या हातातला पाइप पडला. "पप्पा, उभे ऱ्हावा! उभे ऱ्हावा! वर या!" मी म्हणलं, "मीच खाली बसवलंय त्याला." तिनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी कुणाला सांगत नाय. ती म्हणली, "आजी, हा खाली साचतो. जड हाय. तळ्यात बुडवलंस गं."

मी पायरी उतरायला लागले. तिनं माझा दंड धरून मागं वढलं, इतकं जोरात की अजून दुखतोय. "तू गेलीस तर दोघांला काढावं लागंल. कुणी उतरायचं नाय. शेठ, तो फर्राटा पंखा आणा, जिन्यातून खाली तोंड करून लावा. मागचं दार उघडा. भाभी, फडकी!"

भाभीला सांगायला लागलं नाय. दोऱ्यावरची चक्क्याची फडकी तिनं खस्सकन वढली, दही सगळं फरशीवर. मी गाठी मारल्या. गाठ बरोबर बसली. चार फडकी एकाला एक.

नातीनं सांगितलं, उभं राहिलं तर तोंड गॅसाच्या वर राहतंय, कमरेपातुर असंल तो. ती मान ताठ धरून उतरली. वाकायची तवा दम धरायची. एकदा वाकली, फडकं त्याच्या काखेखालून घालायला गेली, नाय जमलं. उभी राहिली, दम घेतला. परत वाकली. मी वर मोजत व्हते, काय मोजत व्हते मला माहीत नाय. तिसऱ्या यळेला बराच यळ ती वाकलेलीच राहिली. माझा पोरगा खाली, त्याची पोरगी खाली, आन् मी वर उभी. मग तिची मान दिसली. "वढा!"

आम्ही तिघांनी वढलं. मी, भाभी, शेठ. शेठचा सदरा फाटला. पोराचं डोकं दोन पायऱ्यांवर आपटलं, तरी वढलं. वर आणून मागच्या अंगणात उघड्यावर टाकलं. ओठ जांभळे पडलते. नातीनं त्याचं तोंड उघडलं, स्वतःच्या तोंडानं हवा फुंकली. एकदा, दोनदा, कितीदा. मग तो वकला. माझ्या आयुष्यात वकारीचा आवाज एवढा गोड मला कधी लागला नाय.

पोराला रिक्षात घातलं तवा रिक्षावाला म्हणला, "अम्मा, पाँव अंदर लो, आज सिग्नल-विग्नल मैं नहीं देखता." त्यानं दवाखान्यात पोचवलं, भाडं विचारलं नाय, थांबलाबी नाय.

डॉक्टर म्हणले, दम कोंडला व्हता, डोक्याला हवा कमी पडली. काळजावरबी ताण येतो अशा गॅसानं, उद्यापर्यंत ठोके बघावे लागतील. जाग येईल, पण कितपत नीट ते आत्ता सांगत नाय. त्या "कितपत"वर मी बसून राहिले. बाकड्यावर माझ्या अंगाला दह्याचा आंबट वास येत व्हता. सून आली, माझ्यापाशी बसली, काय विचारलं नाय. मीच सांगितलं. म्हणलं, त्याचा पाय पायरीवर व्हता. तो वर येत व्हता. मी खाली बसवला. सून म्हणली, "मामंजींनी तेच शिकवलं व्हतं आत्याबाई." ती माझ्या बाजूनं बोलली का नाय, मला अजून कळलं नाय.

नातीला मी विचारलं, "तो गॅस कुठं गेला गं?"

"पंख्यानं भाइर काढला. आता रस्त्यावर असंल."

"कुणाला काय व्हईल का?"

"उघड्यावर काय व्हत नाय आजी. पसरला तो. आता जाईल फिरत फिरत."

"वर?"

"व्हय. वर."

पाडव्याच्या सकाळी लोकांच्या दारात गुढ्या उभ्या राहिल्या तवा पोरानं डोळे उघडले. मला ओळखलं. सुनेला ओळखलं. डॉक्टरनी त्याला आजची तारीख विचारली तर म्हणला, "पाडवा हाय. शेठचं श्रीखंड राहिलं का?" सगळे हसले, मी नाय हसले.

श्रीखंड राहिलं व्हतं. आम्ही दवाखान्यात गेल्यावर शेठनी बर्फाच्या लाद्या मागवल्या, खोलीत रचल्या, माल टिकला. लाद्या दुपारीच मागवता आल्या असत्या. शेठ दवाखान्यात डबा घेऊन आले आन् दारातच उभे राहिले, आत यायची हिंमत व्हईना. मी म्हणलं, या. तेवढंच म्हणलं.

पोरगा आता कामाला जातो. जिना चढला की थांबतो जरा. कधी कधी सांगितलेलं विसरतो, पान्हा हातात असतो आन् पान्हा हुडकतो. आधीपासून विसरायचा का आता विसरतो, हे मी मनात ताडत बसते. मला तो एका शब्दानं बोलला नाय. एकदाच, जेवताना म्हणला, "माय, मला चक्कर आलती तवा तुझा आवाज ऐकला ना, तर इतकं बरं वाटलं. म्हणलं आता वाचलो." मी उठून भांडी घासायला गेले.

आता तो मशीन लावल्याशिवाय नट ढिला करत नाय. गिऱ्हाईकानं घाई केली की सामान उचलून चालायला लागतो. नात म्हणती, टाकी भरली की ती जमा करायची जागा हाय, तिथं देऊन येते. गच्चीवर वाळवण घातलं की मी वर बघते. निळंच दिसतंय सगळं. तिथं थर हाय का, कुठं झिजलाय, डोळ्याला दिसत नाय. खाली तळघरातबी काय दिसत नव्हतं. त्याच्यानं मला भ्या वाटतंय. त्या बाटलीवर सोडलेला, धूळ उडवायला मारलेला, सणाचं काम म्हणून सोडलेला, तो सगळा कुठं तरी फिरत असंल. माझा पोरगा सात पायऱ्या खाली व्हता, वढून काढता आला, वर गेलेला गॅस कोण वढून आणंल.

वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं हाय. तुमच्या घरी, दुकानात मिस्तरी आला आन् जुना गॅस काढायचा म्हणला, तर कुठं काढणार ते विचारा. टाकीत भर म्हणा. त्याला यळ लागंल, तो यळ द्या, घाई करू नका. आन् जागा तळघराची, बंद असंल तर आधी दारं उघडा, पंखा लावा, आन् तो कसंतरी व्हायलंय म्हणला तर उभं ऱ्हा, वर ये, म्हणा.